अव्वाचा पेनड्राइव्ह आणि माझी घाई



दशलक्षणाच्या आठवणी लिहीन, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. आज जी लिहिते आहे ती पूजेची नाही की उपवासाच्या पारण्याची नाही. सहाव्या दिवशी, म्हणजे उत्तम संयमाच्याच दिवशी, माझ्याकडून जो असंयम झाला त्याची आहे. त्यात थोडं कॉम्प्युटरचं बोलणं येईल. कंटाळू नका, तुमच्याही घरी ते कधीतरी उपयोगी पडेल.

आधी अव्वाबद्दल सांगते. माझं माहेर कुरुंदवाडचं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात, हे तिकडच्या सख्यांना सांगायला नको. अव्वा शाळेत फार गेली नव्हती, पण जिनस्तुती, पाळणे आणि जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या पाठ होत्या की गावात कुणाकडे बारसं असलं की बोलावणं ठरलेलं. २०१७ च्या दशलक्षणात दादानं मोबाईलवर तिचं बरंचसं गाणं रेकॉर्ड करून घेतलं. ते सगळं त्यानं एका पेनड्राइव्हमध्ये भरलं आणि त्यातच घरातल्या लग्नाचा व्हिडिओही टाकला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर शिरोळ तालुक्यात कुणी विसरणार नाही. घरात पाणी शिरलं तेव्हा दादाचा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता, तो गेला. मोबाईल त्याआधीच बदललेला. पेनड्राइव्ह मात्र वाचला, कारण अव्वानं तो आपल्या जपमाळेच्या पिशवीत ठेवला होता आणि होडीत बसताना तिनं एवढी एकच वस्तू हातात घेतली होती. २०२२ मध्ये अव्वा गेली. म्हणजे तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, अंगठ्याएवढ्या त्या काळ्या वस्तूत.

यंदा राखीला दादा भाईंदरला आला आणि पिशवीसकट पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन गेला. "तुमच्या मंडळात ऐकव," एवढंच म्हणाला.

आमच्या इकडे भाईंदर पश्चिमेला दक्षिण महाराष्ट्रातून आलेली आम्हा दिगंबरांची थोडीच घरं आहेत. शेजारी गुजराती आणि मारवाडी श्वेतांबर कुटुंबं जास्त. त्यांचं आठ दिवसांचं पर्युषण संपतं आणि आमचं दशलक्षण सुरू होतं. शेजारच्या बेन मिच्छामि दुक्कडम् म्हणायला येतात तेव्हा माझ्या घरी दहा दिवसांची तयारी चाललेली असते. वरून गणपतीचे ढोल. हे सगळं एकाच इमारतीत, आणि तरी कुणाचं कुणाला अडत नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी महिला मंडळाचा कार्यक्रम होता. त्यात अव्वाची तीन स्तवनं लावायची आणि मग आम्ही बायकांनी ती तिच्या चालीवर म्हणायची असं ठरलं. तिची चाल आता कुणालाच येत नाही. मलाही अर्धीच येते.

आता लॅपटॉपबद्दल. तो मुलाचा जुना. विंडोज १० ला मिळणारी साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि नवं विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर नीट बसणार नाही, असं म्हणून मुलानं उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. फुकट आहे, हलकं आहे, जुना लॅपटॉप भंगारात द्यावा लागला नाही. अपरिग्रहाच्या दृष्टीनंही मला ते पटलं. मेल, हिशेब, प्रवचनाचे व्हिडिओ, हे ब्लॉगचं लेखन, सगळं त्यावरच चालतं. मुलगा आता पुण्याला हॉस्टेलवर असतो.

सहाव्या दिवशी सुगंध दशमी. संध्याकाळी मंदिरात धूप वाहायचा होता. जेवणं सूर्यास्ताआधी उरकायची, म्हणून चारपासून मी स्वयंपाकघरात. मध्येच वेळ काढून पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तीन स्तवनं निवडली, पेनड्राइव्हमध्येच 'कार्यक्रम' नावाचं नवं फोल्डर केलं, त्यात त्यांच्या प्रती टाकल्या आणि क्रमाची एक यादीही. हिरवी पट्टी भरत गेली, भरली, नाहीशी झाली. कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंनी हाक मारली. मी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि पर्समध्ये टाकला.

एवढंच केलं. पण खरी चूक तीच.

मंदिरात आरती झाल्यावर मंडळाच्या ताईंनी तो स्पीकरच्या मोठ्या डब्याला लावून पाहिला. स्पीकर गप्प. पुन्हा लावला, गप्प. तिथे मदत करणारा एक मुलगा म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारून टाका, मग वाजेल." मला फॉरमॅट म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. तो शब्द इतक्या सहज बोलला गेला की मला वाटलं, काहीतरी झटकून साफ करण्यासारखं असेल.

घरी येऊन लॅपटॉपला लावला. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली: माउंट करता येत नाही. खाली लांबलचक ओळ, चुकीचा प्रकार, वाईट सुपरब्लॉक, असं काहीतरी. सुपरब्लॉक म्हणजे काय कोण जाणे, पण 'वाईट' हा शब्द कळला. दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावला. तेच. काढून फुंकर मारून लावला. तेच. मग मेनूत शोधलं तर तिथे खरोखरच पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याची सोय सापडली. पेनड्राइव्हचं नाव निवडायची जागा, खाली बटण. माझा हात माऊसवर होता. त्या मुलानं सांगितलंच होतं, मग वाजेल.

का थांबले ते सांगते. त्यात काही मोठा विवेक नव्हता. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, विहीणबाईंचं गाणं लावतेस का?" आणि मला एकदम रडू आलं. त्यामुळे बटण दाबायचं राहिलं आणि मी मुलाला फोन लावला.

त्याची दुसऱ्या दिवशी कसलीतरी जमा करायची फाईल होती. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. तो आधी चिडेल असं वाटलं. पण सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "आई, दोन गोष्टी अजिबात करू नकोस. फॉरमॅट करू नकोस आणि सारखा सारखा काढून लावू नकोस. फॉरमॅट म्हणजे आतली अनुक्रमणिका पुसून कोरी वही करणं. वाजेल, पण रिकामा वाजेल. आधी आपण नुसतं बघू."

मग व्हिडिओ कॉलवर त्यानं मला एकेक पायरी करायला लावली. मी वहीत उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून घेतलं, तसंच इथे देते. टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरं समजा.

पहिली गोष्ट त्यानं समजावली ती अशी. पेनड्राइव्ह जोडला जाणं वेगळं आणि माउंट होणं वेगळं. पाहुणा दारात आला ही एक गोष्ट, त्याला आत आणून पाटावर बसवणं ही दुसरी. कॉम्प्युटर म्हणत होता की पाटावर बसवता येत नाही. त्याचा अर्थ पाहुणा आलाच नाही, असा होत नाही. म्हणून आधी दारात कोण उभं आहे ते पाहायचं.

त्यासाठी टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि पाच अक्षरं लिहायची: एल, एस, बी, एल, के. जागा न सोडता, सलग. एंटर दाबलं की कॉम्प्युटरला दिसणाऱ्या सगळ्या साठवणीच्या वस्तूंची यादी येते. मुलानं युक्ती सांगितली: पेनड्राइव्ह न लावता एकदा यादी बघ, मग लावून बघ, जी ओळ नवीन आली ती आपली. माझ्याकडे लॅपटॉपची स्वतःची डिस्क 'एसडीए' होती आणि नवीन आली ती 'एसडीबी', तिच्या पोटात 'एसडीबी१'. हे नाव वहीत लिही आणि दर वेळी तीनदा वाच, असं त्यानं बजावलं. चुकून 'एसडीए' वर काही केलं तर लॅपटॉपच जाईल.

आकार २९ च्या आसपास दिसला. मी घाबरले, पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा. तीन कुठे गेले? तो हसला. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि ही यादी १०२४ च्या पटीत, शिवाय थोडी जागा पेनड्राइव्ह स्वतःकडे ठेवतो. काही हरवलेलं नाही. जुन्या शेरात आणि किलोत पडतो तसा मापाचा फरक.

यादीत नाव आणि आकार बरोबर दिसला म्हणजे वस्तू जिवंत आहे, हे त्यातलं मोठं समाधान. यादीत नावच नसतं तर खाच, धूळ किंवा आतला तुकडा बिघडल्याचा संशय घ्यायचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहायचं. तिथेही दिसला नाही तर घरगुती उपाय थांबवून माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यायचा.

दुसरी पायरी. त्याच पाच अक्षरांपुढे एक जागा, आडवी रेघ आणि 'एफ' लिहिलं की आतली मांडणी कोणत्या पद्धतीची आहे ते कळतं. माझ्याकडे आलं 'एनटीएफएस'. मुलगा म्हणाला, "म्हणून तो स्पीकर गप्प बसला." पेनड्राइव्हमध्ये फाईली लावून ठेवण्याच्या तीन पद्धती आपल्या घरात नेहमी भेटतात. 'फॅट३२' ही जुनी, जवळजवळ सगळ्यांना वाचता येते, पण तिच्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही. 'एनटीएफएस' ही विंडोजची, मोठ्या फाईली घेते. 'एक्सफॅट' ही पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांसाठी केलेली, तीही मोठ्या फाईली घेते. नोव्हेंबर २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातच तिची सोय आहे, त्याआधीच्या लिनक्सवर ती वेगळी बसवावी लागे. दादाला लग्नाचा मोठा व्हिडिओ टाकायचा होता म्हणून त्यानं पेनड्राइव्ह एनटीएफएस करून घेतलेला. पूजेचे स्पीकर, गाडीतले टेप, जुने टीव्ही यांना बहुतेक वेळा फॅट३२ च समजतं. म्हणजे स्पीकर न वाजणं हा बिघाड नव्हताच, भाषा वेगळी होती. आणि त्या बिचाऱ्या मुलाचा फॉरमॅटचा सल्ला त्या स्पीकरपुरता खराही होता. फक्त आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिसरी पायरी, कॉम्प्युटरनं माउंट का नाकारलं ते त्यालाच विचारायचं. लिनक्स मनातल्या मनात रोजनिशी लिहीत असतं. ती वाचायला 'सुडो' लिहून पुढे 'डी, एम, ई, एस, जी' ही अक्षरं. सुडो म्हणजे घरमालकाच्या अधिकारानं. ते पासवर्ड मागतं. रोजनिशीच्या शेवटच्या ओळींत एनटीएफएसचं नाव होतं आणि पुढे: व्हॉल्यूम इज डर्टी.

डर्टी! अव्वाच्या जपमाळेच्या पिशवीतली वस्तू. मला तो शब्द लागला. मुलगा म्हणाला, "अगं, डर्टी म्हणजे नासलेला नव्हे. लिहायला सुरुवात करताना कॉम्प्युटर पेनड्राइव्हवर एक खूण करतो की काम चालू आहे. नीट बंद करताना ती खूण पुसतो. तू काम चालू असताना ओढून काढलास म्हणून खूण तशीच राहिली. आता कॉम्प्युटर म्हणतो, अर्धवट काम झालेल्या वहीत मी नव्यानं लिहिणार नाही."

"पण पट्टी भरली होती रे. काम संपलं होतं."

"पट्टी संपली, काम नाही."

हे मला माहीतच नव्हतं. पेनड्राइव्ह हळू लिहितो आणि कॉम्प्युटरची स्मरणशक्ती वेगवान. म्हणून कॉम्प्युटर आधी सगळं आपल्याजवळ घेतो, आपल्याला 'झालं' सांगतो आणि मागून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवत राहतो. कामाच्या बाई "झालं ताई" म्हणून निघतात, पण भांडी अजून ओट्यावर पालथी असतात ना, तसं. ती पुसून मांडणीवर जाईपर्यंत काम पुरं झालेलं नसतं. बाहेर काढण्याचा बाण दाबला की कॉम्प्युटर उरलेलं सगळं उतरवतो, खूण पुसतो आणि मग काढायला हरकत नाही म्हणून सांगतो. तो बाण मी रोज बघत होते. तो कशासाठी आहे हे कधी विचारलं नाही.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. मला वाटलं, आता दुरुस्ती. मुलगा म्हणाला, "नाही. दुरुस्ती म्हणजेसुद्धा त्याच्यावर काहीतरी लिहिणं. आधी हात न लावता वाचून घे." माउंट करताना 'फक्त वाचायचं, काही लिहायचं नाही' अशी अट घालता येते. माझ्या वहीतली ओळ अशी: सुडो, जागा, माउंट, जागा, आडवी रेघ आणि ओ, जागा, आर-ओ, जागा, मग तिरकी रेघ डी-ई-व्ही तिरकी रेघ एसडीबी१, जागा, तिरकी रेघ एम-एन-टी. यातलं आर-ओ म्हणजे नुसतं वाचण्याची परवानगी. जी खूण पाहून कॉम्प्युटर लिहायला नकार देत होता, ती नुसतं वाचायला आड येत नाही.

एंटर दाबलं. काहीच झालं नाही. चौकट नाही, ओळ नाही, आवाज नाही. मी म्हटलं, "गेलं." तो म्हणाला, "आई, लिनक्स काही बोललं नाही म्हणजे काम झालं. फाईलींच्या खिडकीत जाऊन 'एमएनटी' उघड."

उघडलं. दादानं नाव दिलं होतं, 'अव्वा'. आत तेवीस फाईली. मोजल्या, दोनदा. मी केलेलं 'कार्यक्रम' फोल्डर होतं, पण आत यादी रिकामी आणि तीनपैकी एका स्तवनाची प्रत अर्धी. जे मी घाईत लिहीत होते तेवढंच गेलं. मूळ फाईली जिथल्या तिथे होत्या.

आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग घरात पडलेला दुसरा छोटा पेनड्राइव्ह काढला, तो फॅट३२ होता, त्यावर नुसती गाणी टाकली. ती लहान असल्यामुळे सहज मावली. स्पीकरला हाच लावायचा. या वेळी बाण दाबला आणि हात मांडीवर ठेवून थांबले. 'आता काढा' असा निरोप यायला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात समजलं की संध्याकाळी मी काय मध्येच तोडलं होतं.

प्रती झाल्यावर मग दुरुस्ती. पेनड्राइव्ह आधी उतरवायचा. 'यूमाउंट' लिहायचं, त्यात यू नंतर एन नाही, ही चूक मी दोनदा केली. फाईलींची खिडकी उघडीच होती म्हणून त्यानं 'टार्गेट इज बिझी' सांगितलं. म्हणजे पाटावर कुणीतरी अजून बसलंय, आधी त्याला उठवा. खिडकी बंद केली, उतरला. मग 'सुडो', पुढे 'एनटीएफएसफिक्स', आडवी रेघ आणि डी, आणि पेनड्राइव्हचं ते पूर्ण नाव. ती राहिलेली खूण त्यानं पुसली. पुढच्या वेळी लावल्यावर पेनड्राइव्ह नेहमीसारखा आपोआप उघडला. ही वरवरची दुरुस्ती असते हेही मुलानं सांगून ठेवलं. एनटीएफएसची पूर्ण तपासणी विंडोजवरच्या 'चेकडिस्क'नं होते. ती मी नंतर शेजारच्या बेनच्या मुलाकडून करून घेतली.

दहा वाजून गेले होते. मुलाला म्हटलं, तुझी फाईल राहिली ना? तो म्हणाला, "होईल. आधी एक लाव."

मी लावली. महावीरांच्या पाळण्याची होती. सासूबाई उठून आल्या, खुर्ची ओढून बसल्या. पुण्याला मुलगा फोन कानाला लावून. अव्वाचा आवाज थोडा खरखरीत, मागे माहेरच्या परसातला कावळा. तिसऱ्या कडव्यावर ती मध्येच थांबते आणि म्हणते, "पुरे की आता. दिस बुडायला आलाय, आधी जेवा जावा." आणि रेकॉर्डिंग तिथेच संपतं.

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाईंनी गाणं सोडलं, पण वेळ नाही चुकवली." बराच वेळ कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातवा दिवस. तुम्हाला माहीतच आहे, दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक. सातव्यात व्रतांच्या भावना येतात. अहिंसाव्रताच्या पाच भावनांत 'आलोकितपानभोजन' आहे, उजेडात नीट पाहून खाणं-पिणं. आपण सूर्यास्ताआधी जेवतो त्याच्याशी ते जोडून मला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्याच पाचांत 'आदाननिक्षेपण समिती'ही आहे. आदान म्हणजे उचलणं, निक्षेपण म्हणजे ठेवणं. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांतल्या पाच समित्यांपैकी ही एक. मुनी महाराज शास्त्र किंवा कमंडलू उचलताना आणि ठेवताना जागा आधी पाहतात, पिच्छीनं हळुवार झाडतात, मगच हात लावतात. तिथे एखादा सूक्ष्म जीव असेल, आपल्या घाईनं तो दुखावला जाऊ नये म्हणून.

इतकी वर्षं मी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, हे महाराजांसाठी. आपल्याला कुठे पिच्छी आणि कमंडलू. त्या दिवशी सभामंडपात बसल्या बसल्या आठवत गेलं. फ्रिजचं दार मी पायानं ढकलते. डबा ओट्यावर आपटते. लोकलमधून उतरताना पिशवी हिसकते. फोनची वायर ओढून काढते. आणि अव्वाचा आवाज असलेली वस्तू मी कुकरच्या शिट्टीवर उपटली. पेनड्राइव्हमध्ये जीव नसतो हे मलाही कळतं. अजीवच तो. त्याला हिंसा लागू करून मी काही नवा सिद्धांत काढत नाही. पण उचलण्याआधी न पाहण्याची सवय वस्तू पाहून बदलत नाही. जी मुंगीच्या बाबतीत आहे तीच पेनड्राइव्हच्या बाबतीत होती.

आठव्या दिवशी कार्यक्रम झाला. स्पीकरला छोटा पेनड्राइव्ह लावला, लगेच वाजला. दोन स्तवनं आम्ही मागून म्हटली. तिसऱ्याच्या वेळी सगळ्या नुसत्या ऐकत बसल्या, म्हणायचं राहून गेलं.

एक काम उरलं होतं. झाला प्रकार दादाला सांगितला नव्हता. सगळं वाचलं, मग कशाला सांगायचं, असं मनाला समजावलं. उत्तम आर्जवाचा दिवस तर केव्हाच होऊन गेला होता. अनंत चतुर्दशी झाली. क्षमावणीला त्याला फोन केला तेव्हा नेहमीसारखं "वर्षभरात काही चुकलं असेल तर" म्हणायला सुरुवात केली आणि थांबले. म्हटलं, "काही चुकलं असेल असं नाही दादा, चुकलंच आहे," आणि सगळं सांगितलं. फॉरमॅटच्या बटणासकट.

तो गप्प. मग म्हणाला, "उत्तम क्षमा. माझंही ऐक. अव्वा गेल्यापासून मी तो एकदाही लावला नाही. धीरच झाला नाही. दुसरी प्रत करायला हवी हे पुरानंतर लगेच कळलं होतं, पण करायची म्हणजे उघडावा लागणार. म्हणून तुला दिला."

आता तीन प्रती आहेत. एक माझ्या लॅपटॉपवर, एक छोट्या पेनड्राइव्हवर मंडळाकडे, एक दादाकडे कुरुंदवाडला, वरच्या मजल्यावर. मूळ पेनड्राइव्ह परत जपमाळेच्या पिशवीत.

सख्यांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्यात असा एखादा पेनड्राइव्ह असेल. आजोबांचं प्रवचन असेल, दीक्षेचा सोहळा असेल, बाळाचं पहिलं णमोकार असेल. दुपारी सामायिक झालं की तो काढा, उघडतो का बघा आणि आजच दुसरीकडे एक प्रत करा. उघडला नाही तर वरच्या ओळी वहीत उतरवून ठेवल्यात ना, त्या क्रमानं जा: आधी बघणं, मग नुसतं वाचणं, मग प्रत, सगळ्यांत शेवटी दुरुस्ती. फॉरमॅट कुणी सुचवलं तर आत काय आहे ते आधी त्याला सांगा. लिनक्स शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे, त्यात मराठीतले धडे फुकट मिळतात. मी दुपारी एकेक ऐकते. मुलाला दर वेळी रात्री उठवायला नको.

आणि पेनड्राइव्ह काढण्याआधी तो बाण दाबा. कुकरला वाजू द्या.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.